लावलं की जातं, सोडलं की येतं

आवणी सुरू झाली की कोकणात आणि मावळात माणसे दिवसचे दिवस चिखलात उभी असतात, आणि आठवड्याभरात पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, भिजून फुगते, फाटते. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की आग सुरू होते. बूट घालून बारा तास उभ्या राहणाऱ्या पोलिसांना आणि सुरक्षारक्षकांना हेच होते, फक्त त्यांच्याकडे चिखलाऐवजी घाम असतो. जांघेत आणि कमरेला गजकर्ण, पाठीवर आणि छातीवर शिबे, लहान मुलांच्या डोक्यात केस तुटून उघडे पडलेले खवलेदार चट्टे, उतारवयात पायाच्या अंगठ्याचे पिवळे, जाड, भुसभुशीत झालेले नख. घरोघरी ही दुखणी वेगवेगळी म्हणून ओळखली जातात आणि त्यांवरचे उपायही वेगवेगळे सांगितले जातात. ही सगळी बुरशीची दुखणी आहेत. हे पुस्तक त्यांच्याविषयी आहे, आणि ते घरच्या डॉक्टरांसाठी, आशाताईंसाठी, शाळेतल्या शिक्षकांसाठी आणि मेडिकलच्या काउंटरमागे उभ्या असणाऱ्या माणसासाठीही लिहिले आहे.

गजकर्णाने माणूस मरत नाही, त्यामुळे त्याची कोणी दखल घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली माणसाला धोकादायक ठरणाऱ्या बुरशींची प्राधान्ययादी काढली. तीत एकोणीस नावे आहेत आणि गजकर्ण उठवणारी एकही बुरशी त्यांत नाही. मृत्यू मोजणाऱ्या यादीत ती येणार नाही, हे समजण्यासारखे आहे. पण महिनोन्महिने रात्री खाजवत जागणे, चारचौघांत हात जांघेकडे जाऊ नये म्हणून धडपडणे, नवऱ्याजवळ किंवा बायकोजवळ जायची लाज वाटणे, मलमांवर पगाराचा वाटा घालवणे, हे मोजणारी यादी कुठे आहे? शिवाय मधुमेह असलेल्याच्या पायाला चिखल्यांची एक चीर पडली तर तिच्यातून जंतू आत शिरतात आणि दोन दिवसांत पाय पोटरीपर्यंत सुजून लाल होतो. अशा रुग्णाला मग इस्पितळात ठेवावे लागते.

या बुरशीचा स्वभाव आधी नीट ध्यानात घ्यायला हवा, कारण पुढचे सगळे उपचार त्यावरच उभे आहेत. तिची तीन मुख्य कुळे आहेत: ट्रायकोफायटॉन, मायक्रोस्पोरम आणि एपिडर्मोफायटॉन. तिघांचेही अन्न एकच, केराटिन. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा मेलेला थर, केस आणि नखे ज्या प्रथिनाची बनलेली असतात ते हे केराटिन. ते पचवणारी विकरे या बुरशीजवळ असतात. त्यामुळे ती सहसा जिवंत कातडीत उतरतच नाही, वरच्या वर राहते आणि पसरते. लाली, पुळ्या, खाज हे सारे तिच्या विरुद्ध आपल्या शरीराने सुरू केलेल्या लढाईचे परिणाम आहेत. मध्यभागी ही लढाई शरीर बऱ्यापैकी जिंकते, तिथली कातडी निवळते, आणि बुरशी बाहेरच्या बाजूला सरकते. म्हणून चट्टा गोल दिसतो आणि त्याची कड उठलेली, लाल, खवलेदार असते. जिवंत बुरशी त्या कडेला आणि कडेच्या थोडी पलीकडे असते. बहुतेक माणसे मलम लावतात ते चट्ट्याच्या मधोमध. लावायचे असते ते कडेवर आणि कडेच्या बाहेर दोन बोटे.

शिबे आणि नखुरडे यांची जात निराळी. शिबे उठवणारी मॅलासेझिया ही बुरशी जवळपास प्रत्येकाच्या अंगावर असतेच. कातडीतल्या तेलावर ती जगते आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात काहींच्या अंगावर माजते. औषधाने ती आठवड्या-दोन आठवड्यांत आटोक्यात येते, पण कातडीचा रंग परत यायला काही महिने लागतात. याच काळात घरातल्या वडीलधाऱ्यांना कोडाची शंका येते आणि लग्नाच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. शिब्याचे कोड होत नाही, हे आशाताईंनी गावात ठणकावून सांगावे. नखुरडे हे पुष्कळदा कॅन्डिडाचे काम: दिवसभर पाण्यात हात, धुणी-भांडी, आणि त्यात मधुमेह.

निदान महागडे नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. चट्ट्याच्या कडेवरून बोथट पात्याने हलकेच खरवडायचे, पडलेला भुसा काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकून वर पातळ काच ठेवायची. दहा-पंधरा मिनिटांत केराटिन विरघळून पारदर्शक होते. मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या फरशीवरून आडव्यातिडव्या गेलेल्या, मध्ये मध्ये पडदे असलेल्या, फांद्या फुटलेल्या बारीक नळ्या दिसतात. एकदा त्या डोळ्यांना ओळखीच्या झाल्या की पुन्हा विसरत नाहीत. नखाच्या भुशाला द्रावण जास्त तीव्र लागते आणि वेळही जास्त लागतो, इतकाच फरक. तालुक्याच्या ज्या दवाखान्यात क्षयाची थुंकी तपासायला सूक्ष्मदर्शक आहे तिथे ही तपासणी रोज होऊ शकते. ती होत नाही, कारण ती करायला हवी असे कोणाला वाटत नाही. खरूज, इसब, सोरायसिस आणि गजकर्ण यांत नजरेने फसायला होते. या एका थेंबाने पुष्कळशी फसगत टळते.

आता थोडा इतिहास. सूक्ष्मजीव माणसाला आजारी पाडतात, हे पहिल्यांदा या बुरशींनीच दाखवून दिले. बर्लिनमध्ये रॉबर्ट रेमाक याने 1837 साली फेव्हस नावाच्या डोक्याच्या रोगाच्या पापुद्र्यांत तंतू पाहिले. दोन वर्षांनी योहान श्योनलाइन याने त्या रोगाचे मूळ बुरशीत आहे असे मांडले. पुढे रेमाकने तो रोग स्वतःच्या दंडावर लावून घेऊन संसर्ग सिद्ध केला आणि त्या बुरशीला श्योनलाइनचे नाव दिले. पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी 1841 पासून स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला येत होता. रॉबर्ट कॉखचे अँथ्रॅक्सवरचे काम 1876 चे, म्हणजे या सगळ्यांच्या तीन-चार दशके नंतरचे. पुढे पॅरिसच्या सँ-लुई इस्पितळात रेमाँ साबुरो याने बुरशी वाढवण्यासाठी साखर आणि पेप्टोन घातलेले जे माध्यम बनवले, त्याचीच सुधारलेली आवृत्ती आज आपल्या प्रयोगशाळांत त्याच्या नावाने वापरतात. त्याचा मोठा ग्रंथ 1910 साली आला.

निदानाचे पाऊल असे लवकर पडले, पण उपचारांचा इतिहास वाचताना जीव कासावीस होतो. स्थलांतर करून आलेल्या, फेव्हस असलेल्या मुलांना न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरून घरच्यांसह परत पाठवले जाई. डोक्यातली बुरशी केसाच्या मुळाशी दडते, वरून लावलेले औषध तिथे पोचत नाही, म्हणून सगळे केसच पाडून टाकायचे, अशी कल्पना निघाली. त्यासाठी मुलांना थॅलियम देण्यात आले. थॅलियम हे विष आहे आणि त्याने मुले दगावली. दुसरा मार्ग क्ष-किरणांचा. खुद्द साबुरोनेच ते शिस्तीत बसवले आणि जगभर लाखो मुलांची डोकी या किरणांखाली गेली. इस्राएलमध्ये 1948 नंतर उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून आलेल्या कुटुंबांतल्या हजारो मुलांवर हा प्रयोग झाला. ही मुले मोठी झाली तेव्हा त्यांच्यात मेंदूच्या आणि थायरॉइडच्या गाठी जास्त आढळल्या, आणि 1994 साली तिथल्या संसदेला भरपाईचा कायदा करावा लागला. ज्या रोगाने एकही मूल मेले नसते, त्याच्यावरच्या उपायाने ही माणसे आयुष्यभर भोगत राहिली.

आपल्या किनाऱ्याचाही या इतिहासात वाटा आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात गजकर्णावर ‘गोवा पावडर’ नावाची पिवळट-तपकिरी भुकटी विकली जाई. ती गोव्याची नव्हतीच. ब्राझीलच्या बाहिया प्रांतातल्या अरारोबा झाडाच्या खोडात साठणारी ही भुकटी पोर्तुगीज व्यापारातून गोव्यात येई आणि तिथून इकडे पसरे. तिच्यातले क्रायसारोबिन बुरशीला मारते, पण कातडी जाळते, कपड्यांवर न जाणारे डाग पाडते आणि डोळ्यांत गेले तर डोळे सुजवते. 1876 साली लंडनच्या बालमॅनो स्क्वायर याने तिचा सोरायसिसवरचा गुण प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धात जर्मनीला क्रायसारोबिन मिळेना, तेव्हा 1916 मध्ये त्याला पर्याय म्हणून डिथ्रॅनॉल तयार झाले, आणि ते सोरायसिससाठी आजही वापरात आहे. आपल्याकडे गावोगावी पावसाळ्यात उगवणाऱ्या टाकळ्याचे बी वाटून गजकर्णावर लावतात, त्याच्यातही याच जातीची द्रव्ये आहेत. त्यात गुण आहे, हे मी नाकारणार नाही. जांघेतल्या नाजूक कातडीवर मात्र ते भाजते, म्हणून मी ते लावू देत नाही.

1939 साली एका पेनिसिलियम बुरशीतून ग्रिसिओफुल्विन वेगळे काढले गेले, पण जवळजवळ वीस वर्षे ते पडून होते. 1958 मध्ये ते पोटात दिल्यावर गिनीपिगचा गजकर्ण बरा होतो असे दिसले आणि लगोलग माणसांना ते मिळू लागले. मुलांच्या डोक्यावरचे क्ष-किरण त्याने थांबले. आजही डोक्यातल्या गजकर्णाला पोटातूनच औषध लागते. ग्रिसिओफुल्विन असेल तर ते दूध-तूप असलेल्या जेवणासोबत द्यायचे, म्हणजे अंगी लागते. मुलाच्या डोक्यावर एकदम मऊ, पुवाळलेली सूज आली तर ती गळू समजून कापायची नाही. तीही बहुधा बुरशीच असते आणि कापल्याने केस कायमचे जातात.

1970 नंतर अॅझोल जातीची मलमे आली, मग टर्बिनाफाइन आले. विसाव्या शतकाच्या अखेरीला गजकर्ण हा त्वचारोगाच्या दवाखान्यातला सोपा आजार होता. दोन-चार आठवडे मलम, नाहीतर थोड्या गोळ्या, आणि माणूस मोकळा. मी शिकत असताना या विषयाला फारसे कोणी महत्त्व देत नसे. 2013-14 च्या सुमारापासून चित्र पालटले. चट्टे मोठे येऊ लागले, जांघेतून कंबर, पोट, पाठ, चेहऱ्यापर्यंत जाऊ लागले, एका घरातली पाच-पाच माणसे एकदम येऊ लागली, आणि पूर्वी लागू पडणारी औषधे त्याच मात्रेत लागू पडेनाशी झाली.

अशा रुग्णाच्या हातात बहुतेक वेळा एक प्लास्टिकची पिशवी असते. परवा आलेल्या ताईंनी ती टेबलावर उपडी केली. दाबून दाबून चपट्या झालेल्या ट्यूबा. परकराची नाडी जिथे बसते तिथे त्यांच्या कमरेभोवती तपकिरी पट्टा उमटला होता, त्यात एकात एक अशी दोन-दोन वर्तुळे होती, आणि मांड्यांवर गर्भारपणात पोटावर उमटतात तशा रुंद, जांभळट रेघा. “लावलं की जातं डॉक्टर, सोडलं की दुप्पट येतं,” त्या म्हणाल्या. एका ट्यूबवरची बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचली: क्लोबेटासॉल, निओमायसिन, मायकोनाझोल. दुसरीवर: क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफाइन. दोन्ही मेडिकलमध्ये खाजेची ट्यूब म्हणून मागितल्यावर मिळालेल्या.

क्लोबेटासॉल हे कातडीवर लावायच्या स्टिरॉइडांपैकी सर्वांत जहाल. इसबाच्या जाड चट्ट्यावर, डॉक्टरांच्या नजरेखाली, थोडे दिवस लावायचे हे औषध आहे. गजकर्णावर ते लावले की शरीराची लढाई थांबते. दोन दिवसांत लाली जाते, खाज जाते, माणसाला वाटते रोगच गेला. बुरशी तिथेच असते, आता तिला अडवणारेही कोणी नसते. ट्यूब थांबवली की ती दुप्पट जागा घेऊन दिसू लागते. परत ट्यूब. जांघेतली कातडी पातळ होते, तिच्यावर त्या रेघा पडतात आणि त्या जन्मभर जात नाहीत. चट्ट्याची कडही पुसली जाते, त्यामुळे डॉक्टरांनाही तो ओळखता येत नाही. स्टिरॉइडने असा वेषांतर केलेला गजकर्ण 1968 साली इंग्लंडमधल्या दोन डॉक्टरांनी नोंदवला होता. म्हणजे धोका माहीत होता. तरीही अशी मिश्रणे आपल्याकडे वर्षानुवर्षे चिठ्ठीशिवाय विकली गेली, कारण चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या शेड्यूल एच या यादीतून लावायच्या मलमांना सवलत होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आयएडीव्हीएलने, या गैरवापराविरुद्ध खास कृतिदल नेमले आणि ती सरकारच्या मागे लागली. 2018 मध्ये क्लोबेटासॉलसह चौदा स्टिरॉइड मलमे त्या यादीत आली आणि काही मिश्रणांवर बंदीही आली. नियम झाला, पण कोपऱ्यावरच्या दुकानात आजही ट्यूब मागितली की मिळते. हे थांबल्याशिवाय ही साथ थांबणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

सगळा दोष ट्यूबचा नाही. बुरशीही बदलली आहे. पूर्वी आपल्याकडे ट्रायकोफायटॉन रुब्रमचा पगडा होता. आता मेंटाग्रोफायटिस गटातली एक जात बहुतेक रुग्णांत सापडते. जपानमध्ये राहणाऱ्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या नमुन्यांवरून तिथल्या संशोधकांनी 2020 साली तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. टर्बिनाफाइन ज्या विकराला अडवते, त्याच्याच जनुकात या बुरशीच्या अनेक वाणांत बदल झालेला असतो, म्हणून औषध बसत नाही. 2023 साली न्यूयॉर्कमध्ये तिचे दोन रुग्ण नोंदले गेले. एक बाई बांगलादेशातून परतलेली होती, दुसरी अलीकडे परदेशात कुठेही गेलेली नव्हती. बुरशीच्या नावात आपल्या देशाचे नाव असावे की नसावे यावर वाद आहे. मला त्याहून काळजी आहे ती अर्धवट उपचार घेऊन मध्येच थांबणाऱ्या आपल्या माणसांची, कारण अशाच अंगावर औषधाला न जुमानणारे वाण टिकून राहतात.

घट्ट जीन्स, लेगिंग, न सुकलेले कपडे, लोकलच्या गर्दीतला घाम, हेही आहेच. पावसाळ्यात मुंबईतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांचे कपडे एकाच दोरीवर, एकावर एक सुकतात आणि टॉवेल दोन असतात. अशा घरातल्या माणसाला स्वच्छतेचे धडे देणे मला पटत नाही. गजकर्ण घाणीमुळे होतो ही समजूतच माणसाला लपवायला लावते, आणि लपवण्यातून ट्यूब येते. त्याला सांगण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. रुग्णाचे कपडे वेगळे भिजवा, जमेल तेव्हा कडक पाण्यात धुवा, उलटे करून वाळवा, शिवणींवरून इस्त्री फिरवा. अंग पुसून जांघा आणि बोटांची बेचकी कोरडी करा, मगच कपडा घाला. टॉवेल आणि कंगवा ज्याचा त्याचा. कमरेचा करगोटा मात्र काढाच. घामाने भिजलेला तो दोरा महिनोन्महिने तिथेच राहतो, आणि त्याच्या बरोबर खाली चट्टा पुन्हा पुन्हा उठताना मी पाहिला आहे. काहींना तो काढणे जिवावर येते, तेव्हा निदान बरे होईपर्यंत काढून ठेवा, पुन्हा बांधताना नवा बांधा, एवढे ऐकतात. आणि घरातल्या प्रत्येकाला तपासल्याशिवाय एकट्याला औषध देऊ नका.

औषधाच्या प्रकरणांत मी नव्या, महागड्या गोळ्यांना जेवढी जागा दिली आहे तेवढीच व्हिटफील्डच्या मलमालाही दिली आहे. सहा टक्के बेंझॉइक आम्ल, तीन टक्के सॅलिसिलिक आम्ल. शंभरेक वर्षांचे जुने, स्वस्त. चेहरा आणि जांघ सोडून जाड कातडीवर ते आजही काम करते. मलम कोणतेही असो, डाग दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे लावायचे, हे प्रत्येक प्रकरणात पुन्हा लिहिले आहे. वाचकाला ते कंटाळवाणे वाटले तरी चालेल.

नखांचे प्रकरण शेवटी आहे, कारण त्याला सर्वांत जास्त धीर लागतो. जाड, पिवळे झालेले प्रत्येक नख बुरशीचे नसते. अशा नखांपैकी निम्म्याच्या आसपासच बुरशीची निघतात, बाकीची सोरायसिसने, ठेच लागून, घट्ट बुटांनी किंवा वयाने बिघडलेली असतात. म्हणून नखाचा भुसा तपासल्याशिवाय गोळ्या सुरू करायच्या नाहीत. बोटाचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्म्याने किंवा त्याहूनही कमी. टर्बिनाफाइनच्या गोळ्या हाताच्या नखाला सहा आठवडे आणि पायाच्या नखाला बारा आठवडे लागतात, पण अंगठ्याचे अख्खे नख नवे यायला वर्ष ते दीड वर्ष जाते. गोळ्या संपल्या तरी नख तसेच दिसते म्हणून रुग्ण डॉक्टर बदलतात. त्यावर एक साधी युक्ती आहे. पहिल्याच भेटीत, निरोगी आणि रोगट नख जिथे भेटते तिथे कानशीने आडवी खाच पाडून ठेवायची. दर महिन्याला खाच पुढे सरकली आणि तिच्यामागे स्वच्छ नख येत राहिले, तर औषध लागू पडले आहे, थांबायची तयारी ठेवा. पिवळेपणा खाच ओलांडून मागे मुळाकडे गेला, तर भुसा परत खरवडून तपासा आणि औषध बदलायचा विचार करा.